तांदळातली चोरी

रामकिसनरावांची शुगर कधी नव्हे ती काबूत आली. गारखेड्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून शाबासकी दिली, तशी आवडाबाई उसळली.

"शाबासकी कशाची देताय? ह्यांनी चोरून खायचं सोडलंय!"

"मग चांगलंच झालं की."

"काय चांगलं? नातवाच्या इमरतीची डबी मी तांदळात पुरून ठेवायची, हे हुडकून खायचे. मी भांडायची, हे हसायचे. आता डबी समोर उघडी ठेवली तरी बघत नाहीत. टीव्हीपुढं बसतात, पण टीव्ही बंद असतो."

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "काका, कशात मन लागत नाही का?"

रामकिसनराव सुया टोचून निबर झालेल्या बोटांकडं बघत राहिले. "लई कंटाळा आलाय, डॉक्टर. खायचं मोजून, चालायचं मोजून. जगावंसंच वाटत नाय."

त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरांकडं जायचं ठरलं. दर खेपेला आवडाबाई सोबत गेली.

दिवाळी सरल्यावर एका दुपारी तिचा आरडाओरडा ऐकून शेजारची हसीना धावत आली. "क्या हुआ, भाभी?"

"चोरी झाली गं, चोरी! तांदळात पुरलेली डबी फोडली मेल्या चोरानं!"

आतल्या खोलीतून हसल्याचा आवाज आला. आवडाबाईनं डबीत उरलेली अर्धी इमरती हसीनाच्या हातावर ठेवली.

"घे, तोंड गोड कर."