नवा खलाशी

अठ्ठावन्न सालचा पौष. कोर्लईजवळच्या समुद्रात भर दुपारी कस्टमच्या लाँचने तो मचवा जवळजवळ गाठलाच होता. त्यावर चोरटं सोनं असल्याची पक्की खबर होती. आता जेमतेम हाकेचं अंतर उरलं होतं.

तेवढ्यात मचव्यावरून एक माणूस पाण्यात पडला.

"थांबायचं नाही," कस्टमचे साहेब सुकाणूवरच्या येसाजी तांडेलाला म्हणाले. "या वेळी नाही."

मागल्या महिन्यातही हाताशी आलेल्या मचव्यावरून असाच एक जण पडला होता. त्याला काढायला लाँच थांबली. हाती लागलं ते प्रेत, आणि मचवा निसटला.

साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. पाण्यातला माणूस हात नुसते आपटत होता. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं.

"वळव," साहेब म्हणाले. मग एक शिवी हासडली आणि ओरडले, "अरे, वळव लवकर!"

त्याला वर ओढलं तेव्हा मचवा कोर्लईच्या टोकाआड गेलेला होता. माणूस पालथा पडून खारं पाणी ओकत होता. येसाजीने त्याच्या अंगावर गोणपाट टाकलं. भिकू नाव. रोह्याकडचा, भातशेतीवाला.

"कुणी ढकललं तुला?" साहेबांनी विचारलं.

"ढकलंल कोन? आमच्या तांडेलानं कडंला बोलावलं, म्हनून गेलो. मंग पाय घसरला आसंल." त्याने मान उचलून रिकाम्या समुद्राकडे पाहिलं. "मला न्यायला येतील न्हवं परत?"

येसाजीने गोणपाट त्याच्या खांद्यावर आणखी वर ओढलं.

"पोहता येत नाही, तर खलाशी झालास कशाला?" साहेब खेकसले.

भिकू ओशाळला.

"भात झोडून झालं, म्हनून काम बघाया बंदरावर आलो. लई जन हुबं व्हते. शेठनं समद्यांला येकच इचारलं, पवाया येतं का? समदे व्हय म्हनाले. मी कशाला खोटं बोलू? न्हाय म्हनलो."

थंडीने त्याचे दात वाजत होते.

"पर मानूस देवावानी, साहेब. समद्यांला परत लावलं आन् माझ्याच खांद्यावर हात ठेवला."