आधी वाजणारा स्पीकर

बहिणीच्या, शालूच्या हळदीला डीजे आपणच वाजवायचा, म्हणून गोरक्षनाथ तिलाच घेऊन भोकरदनला जुना स्पीकर बघायला आला होता.

माईक हातात घेऊन तो तोंड उघडणार, तोच स्पीकरमधून त्याचाच आवाज आला, “हॅलो, चेक.” मागोमाग त्याच्या तोंडून तेच निघालं.

“इत्ता सस्ता माल थोडा आधीच वाजतो, भाऊ,” दुकानदार पाशामियाँ म्हणाले. “याचा बेस बघा, बेस!”

“घे की दादा, लग्नबी जल्दी उरकंल,” शालू हसत सुटली.

“न्हाई घ्यायचा,” स्पीकर म्हणाला. गोरक्षनाथनं दात आवळून धरले, तरी तेच शब्द बाहेर पडले.

मग त्याच्याच आवाजात स्पीकर रडायला लागला, “शालू, डोळे उघड गं!”

शालू अजून हसतच होती. गोरक्षनाथनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तळहाताखाली ओठ हलायला लागले.