तारांखालचा मोजा

दार करकरलं आणि तिची बोटं तारांवरच थबकली.

"अगं, सुट्टीच्या दिवशी तरी ती टकटक बंद ठेव! डोकं उठलंय माझं," नवरा खेकसला आणि बाहेर जाऊन मॅचचा आवाज वाढवून बसला.

टकटक? लग्न झाल्यापासून ती गिटारच्या तारांखाली जाड मोजा कोंबून सराव करत होती. बोटांना वळण राहावं, पण कुणाला त्रास नको.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं मोजा उपसून भिरकावला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून साऱ्या तारा छेडल्या. खोली दणाणली.

सरावाच्या वेळी रोजच्यासारखी तिला बिलगून बसलेली लेक दचकली. मग गिटारच्या पोटावर अलगद हात ठेवून म्हणाली, "आई, हिला आवाज होता? मग तू का येऊ देत नव्हतीस?"