तळाचे तीन भाग

त्या भित्र्या कुत्र्याच्या भुताटकी कार्टूनचे सर्वांत फुसके तीन भाग पुन्हा बघून त्यांना गुण द्यायला मी आणि माझी बहीण मार्जीन रविवारी दुपारी टीव्हीसमोर बसलो. बाहेर कॅन्ससचं ऊन गव्हावर रणरणत होतं. या कार्टूनच्या आमच्या चाहते मंडळाला पाठवायची यादी नेहमी तळाकडे उतरत जाते, म्हणून त्यातल्या त्यात बरा भाग आधी लावला.

त्यात भूत येतच नाही. कुत्रा नुसता थरथरत पडद्यातून आमच्या पाठीमागच्या दाराकडे बघत राहतो.

"लिहिणारा झोपला होता मेला," मार्जीन म्हणाली. "दे शून्य."

पुढच्या भागातही भूत नाही. कुत्र्याची नजर आता दारापासून दोन पावलं आत, गालिच्यावर होती.

मार्जीननं लाह्यांचा वाडगा खाली ठेवला. "वर्लिन, लहानपणी बघायचो तेव्हा हा कुठे बघायचा रे?"

"स्वतःच्या पंजांकडे."

"मग बंद कर ना ते!"

"एकच राहिलाय." अर्धवट यादी पाठवली की मंडळ वर्षभर टिंगल करतं.

शेवटचा भाग लागला. कुत्रा आमच्या दोघांच्या डोक्यांमधल्या फटीत बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं थरथरणं थांबलं. कीव आल्यासारखं त्यानं आमच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही पंजे डोळ्यांवर ठेवले.