जास्तीची भाकर

पुंजाराम सुरतेला कामाला म्हणून गेला, त्याला नऊ वर्षं झाली होती. पत्र नाही, निरोप नाही. तरी त्याची बायको द्वारकाबाई रोज सांजच्याला त्याच्या नावानं एक भाकर जास्तीची थापायची आणि टोपल्यात झाकून ठेवायची. सकाळी ती शिळी भाकर लेकीनं, चंद्रकलेनं खायची, हे घरात न बोलता ठरून गेलेलं.

भोकरदनच्या कॉलेजात क्लार्कनं चंद्रकलेचे कागद चाळले. "मावशी, फी-माफीच्या फॉर्मवर वडिलांची सही लागते. दुसरी एक स्कॉलरशिप आहे, बाप वारलेल्या पोरींसाठी. तुम्ही लिहून दिलं तर तीन वर्षांची फी, पुस्तकं, सगळं भागतं."

"काय लिहून देऊ?"

"ते वारले म्हणून."

चंद्रकला भिंतीवरच्या नोटिशीकडं बघत राहिली. मायकडं बघायची तिची छाती झाली नाही. बीए तर तिला व्हायचंच होतं.

"मंग उद्या ते आले तं?" द्वारकाबाईनं विचारलं.

क्लार्कनं शाईचा पॅड तिच्यापुढं सरकवला. तिनं अंगठा पुढं केला.

दोघी घरी आल्या. सांजच्याला द्वारकाबाईनं दोघींपुरत्याच भाकरी थापल्या, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि परात धुवायला घेतली.

चंद्रकलेनं तिच्या हातातून परात काढून घेतली. डब्यातलं मूठभर पीठ परातीत टाकलं.

"जाळ राहू दे, माय," ती म्हणाली. "सकाळी मला शिळी भाकर लागती."