अपील मंजूर

मुलगी वकील झाली तर बापाला एक खुर्ची मिळणार होती. हा हिशेब त्यानं कुणाला सांगितला नव्हता, पण मनाशी पक्का केला होता. सव्वीस वर्षं तो कोर्टाच्या दाराशी उभा राहून पक्षकारांची नावं पुकारत होता. न्यायाधीश बसत, वकील बसत, दमलेला साक्षीदारही परवानगी काढून बसे. दिवसभर उभा राही तो हाच. उद्या लेक वकिलांच्या खोलीत गेली, की "या बाबा, बसा" म्हणायला तिला कोण अडवणार होतं?

त्यासाठी आधी कायद्याच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती. एकशेवीस प्रश्न, दोन तास, आणि निदान पंच्याऐंशी गुण. लेकीनं दहा सराव-पेपरांचा संच आणला होता. दर रविवारी एक. घड्याळ लावून सोडवायचा, मागच्या उत्तरांशी ताडून बघायचा, चुकलं तिथं पेन्सिलीनं फुली मारायची. इथवर सगळं शिस्तीत चाले. मग चहा व्हायचा आणि घरात कोर्ट भरायचं.

घरात हातांची खुर्ची एकच. तीत बाप बसे, मांडीवर पेपर, हातात खोडरबर. लेक समोर उभी.

"बाबा, सत्तेचाळिसावा. ओल्या पायरीवरून गिऱ्हाईक घसरलं. मी लिहिलं, चूक दुकानदाराची. मागची उत्तरं म्हणतात, दिलेल्या उताऱ्यावरून तसं ठरत नाही."

"का म्हणून ठरत नाही?"

"तेच ना! पायरी काय आपोआप ओली होते?"

बाप डोळे मिटून घेई. त्याचे साहेब मिटत तसेच. जरा थांबून म्हणे, "अपील मंजूर." फुली खोडली जाई, गुण वाढे. 'हे मला येत होतं, घाईत चुकलं' या कारणाला तर त्या कोर्टात फारच मान होता. पहिल्या रविवारी शहाण्णव झाले, नवव्या रविवारी एकशे अकरा. कोर्टातल्या टायपिस्टनं बापाचं आगाऊ अभिनंदनही करून टाकलं.

आई कोपऱ्यात शिलाई मशीनवर असे. ती शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवायची. सुनावणी सुरू व्हायच्या आधी ती एकदा पेपरवर नजर टाकी, वहीत काहीतरी टिपे आणि पुन्हा पायडल मारू लागे.

दहाव्या रविवारी खोडरबर सापडेना. लेक आतल्या खोलीत पेपर सोडवत होती. बापानं मशीनचा खण उघडला, तर मापांची वही हाती लागली.

"अगं, ही कोण गिऱ्हाईक? एकाहत्तर! कंबर आहे का काय! हिला कपडे शिवतेस की तंबू?"

"तुमची लेक आहे ती," आई सुई ओवता ओवता म्हणाली. "कंबर नाही, मार्क आहेत. तुम्ही फुल्या खोडायच्या आधी मोजलेले."

पानावर ओळीनं नऊ आकडे होते. एकाहत्तर, सत्तर, बहात्तर, पुन्हा एकाहत्तर. नऊ रविवारांत आकडा एक इंचही पुढे सरकलेला नव्हता.

लेक पेपर संपवून बाहेर आली. फुल्या मारून झाल्या होत्या. पन्नास. तिनं वही पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"पण आई, त्यातल्या निम्म्या तर बारीकसारीक चुका..."

"माप देताना बायका पोट आत ओढतात. मी म्हणते, बाई, श्वास सोड. नाही सोडला तर कपडा शिवून होतो, अंगात मात्र जात नाही." आईनं दोरा तोडला. "नऊ रविवार श्वास धरून बसलीयेस. महिना राहिलाय परीक्षेला. आता सोड."

बाप सवयीनं खुर्चीत टेकला. "हं, कितवा प्रश्न?"

"बाबा, आज अपील नाही." लेकीनं पेपर हातातच ठेवला. "आणि खुर्ची देता का? मला टेबलाशी नीट बसायचंय."

तो उठला.

खोडलेल्या सगळ्या फुल्या तिनं पुन्हा मारल्या. दहाही पेपर शेजारी शेजारी मांडले. संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात आलं, की आपण पाचशे चुका केलेल्या नाहीत. एकच चूक पुन्हा पुन्हा केली आहे. उताऱ्यात नाही ते आपण पदरचं घालतो. कधी पायरी कुणी ओली केली ते, कधी कुंपण कुणी मोडलं ते, कधी पत्र उशिरा का पोचलं ते. आणि जितकं जास्त पदरचं घालू, तितका युक्तिवाद रंगतो. बाबा तितक्याच खुशीत अपील मंजूर करतात. महिनाभर मग तिनं एकच केलं. चुकलेला प्रश्न घ्यायचा आणि बरोबर उत्तर उताऱ्यातल्या कुठल्या ओळीवर उभं आहे, तिथं बोट ठेवून दाखवायचं. आपल्या उत्तरासाठी बोट ठेवायला ओळ सापडली नाही, तर ते सोडायचं.

महिनाभर बापही कामात होता. लेक बसली की तो दाराशी उभा राहून खणखणीत पुकारे, "वेळ सुरू!" आणि दोन तासांनी, "वेळ संपली!" तेवढं त्याला येत होतं.

परीक्षेत लेकीला शहाऐंशी मिळाले. कॉलेज मिळालं. बापानं कोर्टभर सांगितलं, "एकशे अकरावरून शहाऐंशीवर आली, तरी लागली!" हातांच्या खुर्चीवर आता कायद्याच्या जाड पुस्तकांची चळत असते. वकिलांच्या खोलीतली खुर्ची पाच वर्षं लांब आहे.

सगळ्यांचं मिळून खर्ची पडलेलं मांडलं, तर लेकीचे नऊ रविवार गेले आणि आईच्या वहीतलं एक पान गेलं. बाकीचं बापानं भरलं. सव्वीस वर्षांत नऊच रविवार असे आले होते, की तो बसला होता आणि समोर कुणीतरी उभं राहून त्याच्या निकालाची वाट बघत होतं.