निर्जळी

हरितालिकेच्या दुपारी शालनच्या मनगटावरचा हिरवा पट्टा लाल झाला, म्हणजे पोटातले जिवाणू उपाशी होते. ते एका औषध कंपनीनं सोडलेले होते. ते मधुमेहाचं औषध बनवायचे, कंपनी ते विकायची आणि नफ्यातला अर्धा वाटा वस्तीला द्यायची. वर्षाच्या आत घरोघरी नळ आले होते. अट एकच होती, पोट रिकामं ठेवायचं नाही. उपाशी राहिले तर जिवाणू आतडंच कुरतडायला लागतील.

एका दिवसाच्या उपवासानं काय होतंय, असं तिला वाटलं होतं. आता आत काहीतरी सरसरत होतं. पोट दाबून धरत ती गल्लीच्या टोकाला, कंपनीचं काम बघणाऱ्या मंगलाताईंकडे धावली. वाटेत दारादारांतून कण्हणं ऐकू येत होतं. उपवास वस्तीतल्या साऱ्याच बायकांनी धरला होता.

"ताई, कंपनीची पेज द्या लवकर. मोडते मी उपवास."

मंगलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पेजेची पाकिटं त्यांच्यासमोर तशीच बंद पडली होती.

"तू घे गं बाई," त्या पुटपुटल्या आणि आपला लाल पट्टा त्यांनी पदराखाली झाकला. "आमचे हे दवाखान्यात आहेत. मला नाही मोडवत."